तीस संघांची अळीमिळी गुपचिळी

२००७ चा बेसबॉल हंगाम संपला तेव्हा बॅरी बॉण्ड्स त्रेचाळीस वर्षांचा होता. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पळण्यातला जुना वेग गेला होता आणि लेफ्ट फील्डमध्ये चेंडूमागे जाताना त्याला होणारा त्रास लांबूनही दिसायचा. बॅट हातात असली की मात्र गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी त्याने १२६ सामन्यांत २८ होम रन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारले. त्याला १३२ वॉक मिळाले, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) नीट चेंडूच न टाकल्यामुळे त्याला १३२ वेळा पहिली बेस, धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, आपसूक मिळाली. त्याचं ऑन-बेस प्रमाण होतं ०.४८०. फलंदाजीला आल्यावर बाद न होता बेसवर पोचायचं हे प्रमाण असतं. सर्वसाधारण खेळाडू तीन वेळा आला तर एकदा पोचतो. त्रेचाळिशीतला बॉण्ड्स दोनातून जवळपास एकदा पोचत होता. त्या हंगामात दुसऱ्या कुठल्याही नियमित फलंदाजाला हे जमलं नाही.

सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचं जाहीर केलं. यात मला काही गैर वाटत नाही. संघ गटात तळाला होता, नवी पिढी उभी करायची होती, आणि बॉण्ड्सवर त्या एका वर्षासाठी १ कोटी ५८ लाख डॉलर खर्च झाले होते. पुढे जे घडलं ते मात्र मला आजही पटत नाही. त्याचे एजंट जेफ बॉरिस यांनी सगळ्या संघांना कळवलं की बॉण्ड्स किमान पगारावर खेळायला तयार आहे. २००८ मध्ये लीगचा किमान पगार ३ लाख ९० हजार डॉलर होता. पहिल्यांदाच मोठ्या लीगमध्ये आलेल्या, कुणाला नावही माहीत नसलेल्या पोराला मिळतो तेवढा. तीसपैकी एकाही संघाने त्याला करार देऊ केला नाही. वाटाघाटी फिसकटल्या असं नाही, वाटाघाटी झाल्याच नाहीत.

त्या खेळाडूची कारकीर्द माहीत असेल तरच या नकाराचं वजन कळतं. सात वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, दुसरा कुणी तेव्हा तीनच्या वर गेलेला नव्हता. २००१ मध्ये त्याने एका हंगामात ७३ होम रन मारले. २००४ मध्ये प्रतिस्पर्धी संघ त्याला इतके घाबरले होते की २३२ वॉकपैकी १२० वेळा त्याला मुद्दाम, उघडउघड बेस देऊन टाकली गेली. आणि ७ ऑगस्ट २००७ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर, वॉशिंग्टनच्या माइक बॅक्सिकचा चेंडू भिरकावून त्याने कारकिर्दीतला ७५६ वा होम रन मारला. हँक ॲरन यांचा ७५५ चा विक्रम तेहतीस वर्षांपूर्वीपासून वाढत येऊन तिथे थांबला होता, तो मोडला. बॉण्ड्सचा शेवटचा आकडा ७६२.

आता दुसरी बाजू. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेममध्ये बाल्को नावाची एक प्रयोगशाळा होती. २००३ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी तिच्यावर छापा घातला. तिथून अनेक नामवंत खेळाडूंना चाचणीत न सापडणारी उत्तेजकं पुरवली जात होती. बॉण्ड्सचा ट्रेनर ग्रेग अँडरसन या जाळ्यात होता. आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीसमोर बॉण्ड्सने शपथेवर सांगितलं की आपण घेतलं ते जवसाचं तेल आणि सांध्यांना लावायचं मलम आहे अशीच आपली समजूत होती. १५ नोव्हेंबर २००७ ला, म्हणजे तो नवा संघ शोधत असतानाच, खोटी साक्ष आणि न्यायप्रक्रियेत अडथळा यासाठी त्याच्यावर आरोपपत्र दाखल झालं. पुढे महिन्याच्या आत माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा उत्तेजकांवरचा अहवाल आला आणि त्यात ८९ खेळाडूंची नावं आली. खटल्यात बॉण्ड्सच्या वकिलांनीच मान्य केलं की ते पदार्थ त्याने वापरले होते, फक्त ते काय आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या शरीरावर इतकी बारीक नजर ठेवणारा खेळाडू काय घेतोय हे त्याला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून हा लेख त्याला निर्दोष ठरवण्यासाठी नाही. तो दोषी आहे असं धरून चालूया, आणि तरीही विचारूया की तीस संघांनी जे केलं ते योग्य होतं का. माझं उत्तर आहे, नाही.

संघांनी उघडपणे फारसं काही सांगितलं नाही. पण क्रीडापत्रकारांच्या लिखाणातून आणि कुजबुजीतून जी कारणं पुढे आली ती पाच होती: वय, क्षेत्ररक्षण, कोर्टकचेरी, ड्रेसिंग रूममधलं वागणं आणि प्रेक्षकांचा रोष.

वय आणि क्षेत्ररक्षणाचं बघू. तीस संघ दोन भागांत वाटलेले आहेत. त्यातल्या नॅशनल लीगमध्ये त्या काळी प्रत्येक फलंदाजाला मैदानातही उभं राहावं लागे. पण अमेरिकन लीगच्या चौदा संघांत डेझिग्नेटेड हिटर होता, म्हणजे फक्त फलंदाजी करणारा खेळाडू. बॉण्ड्सच्या गुडघ्यांना ही जागा अगदी सोयीची होती. सिॲटल मरिनर्सने २००८ मध्ये ती होजे विड्रोला दिली. त्याची फलंदाजीची सरासरी जेमतेम ०.२३४ राहिली, ऑगस्टमध्ये त्याला काढून टाकलं आणि संघ १०१ सामने हरला. त्याच एप्रिलमध्ये टोरोंटोने चाळिशीला टेकलेल्या फ्रँक थॉमसला मोकळं केलं, तर चार दिवसांत ओकलंडने त्याला घेतलं. न्यू यॉर्क मेट्सने लेफ्ट फील्डसाठी मोइसेस अलूवर भिस्त ठेवली होती. त्याचं वय एकेचाळीस, दुखापतींची यादी लांबलचक. तो २००८ मध्ये पंधरा सामने खेळला, आणि मेट्सचं प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, एका विजयाने हुकलं. बॉण्ड्स असता तर ते नक्की गेले असते असं मी म्हणत नाही, त्याचेही गुडघे मेमध्ये बोलले असते कदाचित. पण वयाची भीती सगळ्यांना सारखी वाटत नव्हती हे तर दिसतंच. ती एका माणसाच्या बाबतीत वाटत होती.

कोर्टाचं कारण मला त्या हिवाळ्यात तरी खरं वाटलं असतं. हंगामाच्या मध्यावर तुमचा मुख्य फलंदाज कठड्यात उभा असेल तर करायचं काय? पण २००८ च्या हंगामात खटला उभाच राहिला नाही. २००९ आणि २०१० मध्येही नाही. सरकार पक्षाच्या अपिलांमुळे आणि अँडरसनने साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे तो सुरू झाला मार्च २०११ मध्ये. खोट्या साक्षीच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. एका आरोपावर दोषी ठरवलं गेलं, तेही एका प्रश्नाला सरळ उत्तर न देता मोठ्या खेळाडूचा मुलगा म्हणून कसं वाढलो याबद्दल भरकटत बोलल्याबद्दल. एप्रिल २०१५ मध्ये अपील कोर्टाने तीही शिक्षा रद्द केली. शिवाय किमान पगाराचा करार म्हणजे हवा तेव्हा मोडता येण्यासारखा करार. खटल्याची तारीख लागली असती तर संघाचं फार तर त्या ३ लाख ९० हजार डॉलरचं नुकसान झालं असतं.

ड्रेसिंग रूमबद्दल बोलायचं तर बॉण्ड्स सहकाऱ्यांत मिसळणारा नव्हता. जायंट्सच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याचा वेगळा कोपरा होता, मागे रेलायची खुर्ची, स्वतःचा मोठा टीव्ही, स्वतःची माणसं. पत्रकारांशी तो तुसडेपणाने वागायचा आणि त्यांनी ते कधी विसरलं नाही. जून २००२ मध्ये सॅन डिएगोत सामना चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बैठकीत, त्याची आणि जेफ केंटची झटापट झाली, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्याच वर्षी ते दोघं असलेला संघ वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यापर्यंत गेला, आणि त्या मालिकेत बॉण्ड्सने चार होम रन मारले. संघात सलोखा असावा, हे मला मान्य आहे. पण सलोख्याअभावी संघ जिंकत नाहीत हे विधान ज्या माणसाविरुद्ध वापरलं जात होतं, त्याच्याच कारकिर्दीने ते खोटं पाडलं होतं. प्रेक्षकांचं म्हणाल तर इतर शहरांत लोक त्याला शिव्या घालायला यायचे, पण तिकीट काढून यायचे.

मग खरं कारण कुठलं? मला वाटतं ते समजायला संघात कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसून पाहावं लागेल, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा प्रकार बेसबॉलपुरता नाही.

समजा तुम्ही एका संघाचे जनरल मॅनेजर आहात. तुमच्याकडे विश्लेषकांची चमू आहे आणि ती सांगते की हा माणूस अजून वर्षाला तीन-चार सामने जिंकून देईल, तेही जवळपास फुकटात. तुम्ही त्याला घेतलं आणि तो खेळला, तर लोक म्हणणार की बॉण्ड्सच तो, खेळणारच. तुमचं नाव कुणी घेणार नाही. तुम्ही त्याला घेतलं आणि तो लंगडला, किंवा कोर्टाचं समन्स आलं, किंवा तुमच्या शहरातल्या वर्तमानपत्राने आठवडाभर उत्तेजकांवर अग्रलेख लिहिले, तर मालक तुम्हालाच विचारणार, ही ब्याद कुणी आणली? आणि तुम्ही त्याला घेतलंच नाही तर? तर काहीच होत नाही. न घेतलेल्या खेळाडूबद्दल कुणाची नोकरी जात नाही. विड्रोची सरासरी कितीही घसरली तरी बॉण्ड्सला का घेतलं नाही म्हणून सिॲटलमध्ये कुणाला जाब विचारला गेला नाही, कारण बाकीच्या एकोणतीस जणांनीही घेतलं नव्हतं. कळपात राहिलं की चूक एकट्याची राहत नाही.

याला कट लागत नाही. फोन लागत नाही, बैठक लागत नाही. प्रत्येकाने आपापली खुर्ची सांभाळली की तीस खुर्च्यांचा निकाल आपोआप एकच येतो. म्हणूनच माझ्या मते हा प्रकार कटापेक्षा वाईट आहे. कट सिद्ध करता येतो, त्यात कुणीतरी जबाबदार असतं. इथे जबाबदार कुणीच नाही.

या भीतीला दिशा मात्र वरून मिळत होती. ऑगस्ट २००७ मध्ये सॅन डिएगोत बॉण्ड्सने ७५५ वा होम रन मारून ॲरन यांची बरोबरी केली तेव्हा कमिशनर बड सेलिग प्रेक्षागारात होते. ते उठून उभे राहिले आणि हात खिशात घालून उभेच राहिले. टाळी नाही. ते दृश्य देशभर दाखवलं गेलं. तीन दिवसांनी ७५६ च्या वेळी ते मैदानावर नव्हतेच. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला असं म्हणता येईल त्या ॲरन यांनी मात्र अभिनंदनाचा संदेश आधीच चित्रित करून ठेवला होता आणि तो मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. १९७४ मध्ये बेब रूथचा विक्रम मोडताना कृष्णवर्णीय म्हणून ज्यांना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आली होती, तो माणूस दोन शब्द चांगले बोलू शकला, आणि लीगच्या प्रमुखाला हात खिशातून काढता आले नाहीत. क्लबांच्या मालकांना कमिशनरच्या मनात काय आहे हे कळायला पत्राची गरज होती का?

कमिशनरला खुपत होतं ते उत्तेजक औषध होतं की तो आकडा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण औषधच खुपत असेल तर जेसन जिआंबीचं काय? तोही बाल्कोच्याच प्रकरणातला. तो २००८ मध्ये यँकीजकडून खेळला, ३२ होम रन मारले, आणि पुढे वेगवेगळ्या संघांकडून खेळत खेळत २०१४ मध्ये क्लीव्हलँडकडून शेवटचा हंगाम खेळला. त्या हंगामात त्याचं वय होतं त्रेचाळीस. गॅरी शेफील्ड हाही बाल्कोचाच. एका हिवाळ्यात त्याने बॉण्ड्ससोबत व्यायाम केला होता, आणि ते मलम काय आहे हे न कळता लावलं असं त्यानेही सांगितलं होतं. २००९ मध्ये डेट्रॉइटने त्याला सोडलं तेव्हा तो चाळीस वर्षांचा आणि ४९९ होम रनवर होता. काही दिवसांतच मेट्सने त्याला घेतलं आणि एप्रिलमध्ये त्याने पाचशेवा मारला. अँडी पेटिट मिचेल अहवालात होता, त्याने कबुलीही दिली, आणि तो यँकीजसाठी पिचिंग करत राहिला.

जिआंबी आणि बॉण्ड्स यांच्यात फरक आहे, तो मी लपवत नाही. जिआंबीने लोकांसमोर मान खाली घातली, बॉण्ड्सने कधीच घातली नाही. जिआंबीवर आरोपपत्र नव्हतं. पण सगळ्यात मोठा फरक असा की जिआंबीने आणखी होम रन मारले तर लीगच्या इतिहासातलं कुठलंच पान बदलत नव्हतं. बॉण्ड्सने मारलेला प्रत्येक होम रन त्या नकोशा आकड्यात भर घालत होता: ७६३, ७६४, ७८०. ७५६ व्या होम रनचा चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला, लोकांकडून मतदान घेतलं, त्यावर विक्रम शंकास्पद असल्याची खूण म्हणून तारांकन (*) कोरून तो बेसबॉलच्या संग्रहालयाला दिला. इतकी त्या आकड्याची लाज. बॉण्ड्स घरी बसला आणि आकडा तिथेच थांबला. लीगच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला. बंदी घालावी लागली नाही, सुनावणी झाली नाही, खेळाडूंच्या संघटनेशी भांडण नाही.

आणि ही लाज कुणाला वाटत होती ते पाहा. १९९४ च्या संपाने वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि बेसबॉलवर प्रेम करणारी माणसं मैदानाकडे पाठ फिरवून गेली. त्यांना परत आणलं १९९८ च्या उन्हाळ्याने, जेव्हा मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा होम रनच्या विक्रमामागे धावत होते. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. त्याच उन्हाळ्यात मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनेडायोन या स्नायूवर्धक पदार्थाची बाटली दिसली होती. ती बातमी देणाऱ्या पत्रकारावरच सगळे तुटून पडले. उत्तेजकांना मनाई असल्याचं पत्रक १९९१ मध्येच निघालं होतं, पण तपासणी नव्हती. मालकांनी ती रेटली नाही, कारण तिकिटं खपत होती, आणि खेळाडूंच्या संघटनेने वर्षानुवर्षं तिला विरोध केला. २००३ मध्ये नावं गुप्त ठेवून चाचण्या झाल्या. ५ टक्क्यांहून जास्त खेळाडू सापडले तेव्हा कुठे सक्तीच्या चाचण्या आल्या, आणि पहिल्यांदा सापडलेल्याला निलंबन करण्याचा नियम २००५ मध्ये. बॉण्ड्सचा ७३ चा हंगाम २००१ चा. जायंट्सचं नवं मैदान २००० मध्ये उघडलं आणि बॉण्ड्स असेपर्यंत दर वर्षी तिथे तीस लाखांहून जास्त प्रेक्षक आले. ज्यांच्या तिजोऱ्या या काळात भरल्या, त्यांनीच २००८ मध्ये काखा वर केल्या. बड सेलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानयादीत, गेले. मॅग्वायरचे मॅनेजर टोनी ला रुसा २०१४ मध्येच गेले होते. बॉण्ड्स दहा वर्षं क्रीडापत्रकारांच्या मतपत्रिकेवर राहिला. २०२२ मध्ये तिथल्या शेवटच्या संधीला त्याला ६६ टक्के मतं मिळाली, लागतात ७५.

या सगळ्याला एक उत्तर आहे, आणि मला ते अतिशय गंभीर वाटतं. ते उत्तर त्या खेळाडूंचं आहे ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जो पोरगा छोट्या लीगमध्ये सात वर्षं बसने फिरला, एका सुटकेसमध्ये राहिला, उत्तेजक घ्यायला नकार दिला, आणि ज्याची जागा ते घेणाऱ्याने घेतली. त्याला ना पेन्शन मिळालं, ना नाव. त्याला बॉण्ड्सबद्दल सहानुभूती का वाटावी? बॉण्ड्सला एक वर्ष कमी खेळायला मिळालं, त्याला एकही मिळालं नाही. या माणसासमोर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण एक प्रश्न आहे. २००८ मध्ये बॉण्ड्सची जागा अशा कुठल्या पोराला दिली गेली का? जागा गेल्या विड्रोला, अलूला, थॉमसला, आणि बाल्कोच्याच शेफील्ड आणि जिआंबीला. स्वच्छ राहिलेल्यांची भरपाई करायची असती तर मार्ग होते. अहवालातल्या प्रत्येकावर सारखं निलंबन लावता आलं असतं, किंवा छोट्या लीगमधल्या मुलांना जगण्याइतका पगार देता आला असता, जो त्या वेळी त्यांना मिळत नव्हता. तसं काही झालं नाही. एक बळीचा बकरा बाहेर काढला आणि बाकीचा कळप तसाच चरत राहिला. ज्या मुलावर खरा अन्याय झाला त्याला यातून कवडीही मिळाली नाही. फक्त त्याच्या नावाने केलेला नकार उजळ माथ्याने मिरवता आला.

बॉण्ड्सने कायदेशीर मार्ग चोखाळला नाही असं नाही. लीग आणि संघटना यांच्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की क्लबांनी एकत्र येऊन ठरवून खेळाडूला नाकारायचं नाही. हे कलम नुसतं कागदापुरतं नाही. १९८५ ते १९८७ या हिवाळ्यांत मालकांनी करारमुक्त खेळाडूंना बोली लावायचीच नाही असं खरोखर ठरवलं होतं. १९८७ मध्ये आंद्रे डॉसन कोरा करार घेऊन शिकागो कब्जकडे गेला: सही माझी, रक्कम तुम्ही भरा. क्लबने ५ लाख डॉलर लिहिले, जे त्याच्या आधीच्या कमाईच्या निम्म्याच्या आसपास होते. त्याने ४९ होम रन मारले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लवादांनी मालकांना दोषी ठरवलं आणि १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. बॉण्ड्सची किमान पगाराची तयारी म्हणजे तसाच कोरा करार होता, फक्त तो भरायला कुणी पेन उचललं नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये संघटनेने संगनमताचे पुरावे मिळाल्याचं म्हटलं, पण तक्रार पुढे ढकलली गेली. केंद्रीय खटला संपल्यावर २०१५ मध्ये ती लवाद फ्रेडरिक होरोविट्झ यांच्यासमोर आली आणि ते बॉण्ड्सविरुद्ध गेले. कागदावर संगनमत सिद्ध झालं नाही. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. वर जनरल मॅनेजरच्या खुर्चीचं जे सांगितलं, त्यात सिद्ध करण्यासारखं काही उरतच नाही. ऐंशीच्या दशकात मालक बोलून ठरवत होते म्हणून सापडले. २००८ पर्यंत त्यांना न बोलता ठरवता येऊ लागलं होतं.

जिथे शिक्षा लिहून ठेवलेली असते तिथे क्लब काय करतात हेही पाहण्यासारखं आहे. २०१३ मध्ये नेल्सन क्रूझला उत्तेजकांसाठी ५० सामन्यांचं निलंबन झालं. पुढच्या वर्षी बॉल्टिमोरने त्याला ८० लाख डॉलर दिले आणि त्याने लीगमध्ये सर्वात जास्त, ४० होम रन मारले. त्याच प्रकरणात तेवढंच निलंबन भोगलेल्या जॉनी पेराल्टाला सेंट लुईसने चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख दिले. ॲलेक्स रॉड्रिगेझला २०१४ चा अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं. तो लीगशी आणि खेळाडूंच्या संघटनेशीही कोर्टात भांडला होता. पण त्याचा करार शिल्लक होता म्हणून यँकीजला त्याला खेळवावं लागलं, आणि २०१५ मध्ये चाळिशी ओलांडत त्याने ३३ होम रन मारले. त्याच्या वयाने, गाजलेल्या प्रकरणांनी, पत्रकारांच्या गर्दीने ड्रेसिंग रूम कोसळली नाही, संघ प्लेऑफमध्ये गेला. या तिघांनी शिक्षा भोगली आणि ती संपली. बॉण्ड्सला लीगने एका दिवसाचंही निलंबन दिलं नाही. त्यामुळे त्याची शिक्षा अमुक तारखेला संपली असं म्हणायची सोयच राहिली नाही.

या युक्तिवादाला एक मोठा अपवाद आहे. पिचर ट्रेव्हर बॉवरवर २०२१ मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. त्याने ते नाकारले आणि सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल केला नाही. लीगने दिलेलं निलंबन लवादाने १९४ सामन्यांवर आणलं, तेही संपलं. त्यानेही किमान पगाराची तयारी दाखवली, आणि त्यालाही कुणी घेतलं नाही. तो जपान आणि मेक्सिकोत खेळला. म्हणजे लिहिलेली शिक्षा संपली की दार उघडतंच असं नाही. पण तिथे नकाराचं कारण कुणालाही विचारलं तरी सांगता येतं: मैदानावर येणाऱ्या बायकांना आम्ही काय तोंड दाखवायचं? ते कारण उघड आहे, त्यावर वाद घालता येतो, आणि मी क्लब असतो तर मीही तेच ठरवलं असतं. बॉण्ड्सच्या बाबतीत मात्र औषध म्हणावं तर बाजूला जिआंबी उभा होता, आणि वय म्हणावं तर अलू.

सांगता येण्याजोगं कारण आणि शिक्षेची एक तारीख, या दोन्ही गोष्टी किती मोलाच्या आहेत हे पीट रोझच्या प्रकरणातून कळतं. रोझने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या. १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली, लेखी, त्याच्या सहीने. त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केले, एकामागून एक कमिशनरांनी ते फेटाळले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो गेला, आणि मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी मृत खेळाडूंना बंदी असलेल्यांच्या यादीतून वगळलं. उशीर भयंकर झाला, पण यादी होती, अर्ज कुणाकडे करायचा हे माहीत होतं, नकाराखाली एका माणसाची सही होती. बॉण्ड्सचं नाव कुठल्याच यादीत नाही. २०१६ च्या हंगामासाठी मायामी मार्लिन्सने त्याला फलंदाजीचा प्रशिक्षक म्हणून नेमलं, तेव्हा लीगने हरकतही घेतली नाही. तो इतरांना होम रन मारायला शिकवू शकत होता. स्वतः मारायला त्याला कुणी मना केलं होतं, हे कुठेही लिहिलेलं नाही.

लीग आणि संघटना यांचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आहे. वाटाघाटीत पगाराच्या मर्यादेवर जोरदार भांडण होणार हे सगळ्यांना दिसतंय. त्या गदारोळात एक छोटं कलम संघटनेने लावून धरावं असं मला मनापासून वाटतं: करारमुक्त खेळाडूबद्दल कमिशनरचं कार्यालय आणि क्लब यांच्यात झालेला प्रत्येक संवाद संघटनेला मागता यावा, आणि किमान पगारावर खेळायची तयारी लेखी कळवणाऱ्या खेळाडूला प्रत्येक क्लबने लेखी उत्तर द्यावं. हो की नाही, एवढंच, आणि खाली नाव. बॉण्ड्सला याचा काही उपयोग नाही, तो साठीच्या पुढे गेला. पण पुढच्या वेळी एखाद्या जनरल मॅनेजरला नकार द्यायचा असेल तर त्याला तो स्वतःच्या नावाने द्यावा लागेल.